आऱ्याची कुळकथा

यंत्र येण्याआधी लाकूड चिरायला दोन माणसं लागत. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा किंवा घोडीवर तिरपा चढवायचा, गेरूत भिजवलेली सुतळी ताणून त्यावर रेघ मारायची, आणि मग एक जण वर, एक जण खाली. वरच्याने करवत रेघेवर धरायची, खालच्याने ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा जायचा, त्यामुळे बहुधा नवशिक्यालाच खाली उभं केलं जायचं. एका मोठ्या सागाच्या फळ्या पाडायला दिवसच्या दिवस जात.

वऱ्हाडाच्या खेड्याला मात्र अशा चिरलेल्या फळ्यांची फारशी गरजच नव्हती. वखर, डवरा, तिफण, जू, बंडीची धुरी ही सगळी कामं वाढई वाकसाने करायचा. बाभूळ, धावडा आणि तिवस ही शेतीची लाकडं. ती तासली जात. अचलपूरच्या एखाद्या जुन्या वाड्यात माळ्यावर जाऊन तुळईची वरची, न दिसणारी बाजू पाहिली तर वाकसाचे घाव ओळीने दिसतात. खालची बाजू रंध्याने गुळगुळीत आणि वरची तशीच खवल्याखवल्यांची. सागवान खूप आणि मजुरी स्वस्त असली की वाया जाणाऱ्या लाकडाचा हिशेब कुणी ठेवत नाही.

हा हिशेब ठेवायची वेळ आली ती कापसामुळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला होताच. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने स्वतः येऊन खामगावचा कापूसबाजार आणि जलंबचा रेल्वेफाटा यांचं उद्घाटन केलं. मग अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा इथे सरकी काढणारे जिन आणि गाठी दाबणारे प्रेस उभे राहू लागले. जिनाला कैच्या, फलाट, दारं, पेट्या हव्यात. एकाच मापाचं, सरळ चिरलेलं लाकूड हवं, तेही ठरल्या दिवसात. खड्ड्यावरची जोडी तिथे पुरी पडेना.

जिनाने आणखी एक गोष्ट आणली आणि माझ्या मते आऱ्याच्या दृष्टीने तीच जास्त मोलाची. छताखालून जाणारा लांब शाफ्ट, त्यावरच्या पुल्या, कातडी पट्टे आणि हे सगळं चालतं ठेवणारा फिटर. यंत्र विकत आणता येतं, पण ते बिघडल्यावर दुरुस्त करणारा माणूस गावात नसेल तर ते वर्षभरात कोपऱ्यात जातं. वऱ्हाडात हा माणूस जिनाने तयार केला. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. उरलेले महिने हात रिकामे. पिठाची गिरणी, तेलघाणी, उसाचा चरक, आरा, जे समोर येईल ते तो उघडायचा.

आता जरा लांबचं मूळ पाहू. पट्टीचा आरा, म्हणजे आपण ज्याला बँड सॉ म्हणतो, तो कल्पनेत आधी जन्मला आणि पोलादात खूप नंतर. १८०८-०९ च्या सुमारास लंडनच्या विल्यम न्यूबेरीने त्याचं पेटंट घेतलं. दोन चाकं एकावर एक, त्यांच्यावरून फिरणारी दातेरी पट्टी. करवत पुढे जाते आणि मागे येते, त्यातलं मागे येणं फुकट असतं. गोल फिरणारी पट्टी सतत एकाच दिशेने कापते. कल्पनेत खोट नव्हती. खोट होती पट्टीच्या सांध्यात. दोन टोकं जोडून वळं करायचं म्हटलं तर जोड कडक होतो, चाकावरून वळताना दर फेरीला वाकतो आणि थोड्याच वेळात तुटतो. पट्टी तुटली की चाबकासारखी उडते. न्यूबेरीचं यंत्र त्यामुळे कागदावरच राहिलं.

त्याआधी १७७७ मध्ये सॅम्युएल मिलर नावाच्या माणसाने गोल पात्याच्या करवतीचं पेटंट घेतलेलं होतं. सॅम्युएल बेंथमने १७९१ आणि १७९३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटं घेतली. त्यात रंधायची, खाचा पाडायची, सांधे कापायची, जवळजवळ सगळी यंत्रं बीजरूपाने आहेत. हा बेंथम म्हणजे तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा भाऊ. मधल्या एका मनोऱ्यातून सगळे कैदी एकाच पहारेकऱ्याला दिसतील अशा तुरुंगाची जी योजना जेरेमीच्या नावावर प्रसिद्ध आहे, तिची मूळ कल्पना सॅम्युएलची. आणि लाकूडकामाची ही यंत्रं त्या तुरुंगात चालवायची असा दोघा भावांचा बेत होता: कसब नसलेल्या कैद्याच्या हातूनही सुताराचं काम व्हावं. तो तुरुंग लंडनमध्ये कधी झाला नाही. आपल्याकडे अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात सुतारकामाचा विभाग चालतो आणि तिथल्या खुर्च्या-टेबलं सरकारी कचेऱ्यांत जातात, हे बेंथम बंधूंना कळलं असतं तर त्यांनी नक्की भेट दिली असती.

बेंथमच्या पुढाकाराने मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉडस्ले यांनी पोर्ट्समथच्या गोदीत जहाजाच्या कप्प्या बनवणाऱ्या यंत्रांची रांग उभी केली. तिथे ११० कसबी माणसांचं काम १० जण करू लागले. पण पट्टीचा आरा या सगळ्यात अजून नव्हताच. त्याचा सांधा सुटला तो फ्रान्समध्ये. १८४६ मध्ये क्रेपॅं नावाच्या बाईंनी पट्टी जोडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे पॅरिसच्या पेरॅंने ते हक्क घेऊन त्याला चांगल्या पोलादाची जोड दिली. न्यूबेरीनंतर चाळीस वर्षांनी यंत्र खरंच चालू लागलं. त्यानंतर मात्र वेग आला. इंग्लंडात रॉचडेलची रॉबिन्सन, नेवार्कची रॅन्सम, १८९७ पासून लेस्टरची वॅडकिन, अमेरिकेत सिनसिनाटीची फे आणि ईगन अशा कंपन्यांनी आरे आणि रंधे ओतायला सुरुवात केली.

पट्टीच्या आऱ्याने गोल पात्याला मागे टाकलं ते भुशामुळे. गोल पातं मोठं करायचं तर जाड करावं लागतं, नाहीतर ते लटपटतं. एक इंची फळी पाडताना जर पाव इंचाची चीर जात असेल, तर पाचातला एक भाग लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडतं. ताणलेली पट्टी पातळ असली तरी सरळ राहते. तीच फळी अर्धा पाव इंचाच्या चिरेत निघाली तर नवातला एकच भाग जातो. जळाऊ लाकडाला याने फरक पडत नाही. मेळघाटच्या सागवानाला पडतो.

मेळघाट आणि परतवाडा यांचं नातं असं आहे की जंगल वर आणि बाजार खाली. परतवाडा ही मुळात एलिचपूरची छावणी; हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथे होती आणि तिच्याच कॅप्टन रॉबिन्सनला १८२३ मध्ये चिखलदरा सापडला. सातपुड्याच्या घाटातून उतरणारी वाट छावणीत येते, म्हणून लाकूडही इथेच उतरायचं. पुढे वन खात्याचा डेपो इथे झाला, लिलाव होऊ लागले, आणि परतवाड्याचं सागवान हे नाव नागपूर-पुण्यापर्यंत गेलं. १९१० च्या दशकात मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. ७६ किलोमीटरचा रस्ता, किलिक निक्सन कंपनीचा, पुढे लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. तिचं मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. एवढी वर्षं ते चालवता आलं याचं कारण पुन्हा तोच फिटर, जो सुटा भाग मिळत नसेल तर घडवतो.

आरा जंगलाच्या तोंडाशी बसवण्यात व्यापाऱ्याचा सरळ फायदा होता. ओंडक्याची साल, गाठी, वाकडेपण इथेच काढून टाकायचं आणि गाडीत फक्त चौरस माल भरायचा. सालपे जळणाला, भुसा वीटभट्टीला. पण यंत्र चालवायला शक्ती कुठून आणायची? जिनाकडे वाफ होती. एकट्या आरावाल्याला बॉयलर परवडत नसे. त्याची अडचण तेलाच्या इंजिनाने सोडवली. विलायती रस्टन आणि क्रॉसली आधी आली, मग देशी. साताऱ्याला कूपरांचा कारखाना होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवर जे इंजिन तेच आऱ्यावर. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. त्यानंतर तारा गावोगाव पोचायला आणखी वर्षं लागली. तोवर आरा म्हणजे आधी इंजिनाचा फटफट आवाज आणि मग पट्टीची किंकाळी, असा दुहेरी गलका.

आरा स्वतःही हळूहळू देशी झाला. विलायती नमुना समोर ठेवून आपल्याकडच्या ओतशाळांनी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चौकट आणि चाकं ओतली. त्यावर बहुधा कुणाचं नाव नसे. वॅडकिनच्या यंत्रावर पितळी पट्टी असते, तिच्यावरच्या क्रमांकावरून यंत्राचा जन्म शोधता येतो आणि विलायतेतले हौशी लोक अशी यंत्रं मोठ्या प्रेमाने शोधून, उघडून, पुन्हा चालती करतात. आपल्या बेनाम आऱ्याची जन्मतारीख काढायची तर पाना घेऊन बसावं लागतं.

आमच्या मामांचा आरा असाच बेनाम. परतवाड्याहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची आरागिरणी होती. आजोबांनी दुसऱ्या कुणाकडून जुना आरा घेऊन ती सुरू केली. ३६ इंची चाकांचा, म्हणजे आऱ्यांत लहानच. मामांनी निम्मं आयुष्य त्याच्यासमोर काढलं आणि एक दिवस गिरणी विकली. यंत्र मात्र तिच्याबरोबर विकलं गेलं नाही, आणि त्याचं कारण समजून घ्यायचं तर १२ डिसेंबर १९९६ कडे जावं लागतं.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात अंतरिम आदेश दिला. तमिळनाडूतल्या नीलगिरीच्या जंगलतोडीवरून सुरू झालेला हा खटला. पण आदेश देशभर लागू झाला. जंगल म्हणजे काय याची व्याख्या विस्तारली, केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात आरागिरणी चालवणं बेकायदा ठरलं. २००२ च्या दुसऱ्या आदेशाने नवी आरागिरणी उघडायला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीची परवानगी आवश्यक केली. २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे गेला. मेळघाटात त्याआधीच, १९७४ पासून, व्याघ्र प्रकल्प होता. जंगलाच्या बाजूने पाहिलं तर हे व्हायला हवंच होतं, आणि ज्याने जुने लिलाव पाहिले आहेत तो माणूस खासगीत हे मान्यही करतो. पण बाजारात त्याचा एक परिणाम असा झाला की परवाने मोजके उरले. मोजक्या वस्तूला भाव येतो. आरागिरणी विकत घेणारा परवाना बघू लागला, जागा बघू लागला. आरा त्याच्या खिजगणतीतही नसे. तो परवाना आपल्या नावे करून घेतो, पंजाबातून किंवा गुजरातेतून नवं यंत्र मागवतो आणि जुन्या मालकाला सांगतो, हे तेवढं उचलून न्या.

मामांच्या बाबतीत शब्दशः तसंच झालं. दीड-दोन टन बीड भंगारात गेलं. भंगारवाल्याने ते लगेच फोडलं नाही, कारण फोडायलाही घण मारणारी माणसं लागतात आणि त्याला घाई नव्हती. मी आणि मामेभाऊ तिथे पोचलो तेव्हा वरचं चाक चौकटीला टेकवून ठेवलेलं, खालचं मातीत अर्धं रुतलेलं. भाव किलोवरच ठरला. आम्हाला ते हवंय हे ओळखून त्याने तो वाढवला, पण सागवानाच्या एका बऱ्या दाराच्या किमतीत काम झालं. मामांना फोन केला तर पलीकडून एवढंच, ‘अबे, याले घेऊन काय पूजा मांडतं काय?’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याआधी तिथे हजर.

उचलायचं कसं हा पहिला प्रश्न. आमचा मिस्त्री अकोल्याच्या एका जिनात आयुष्य घातलेला माणूस. त्याने चेनकुप्पी लावली आणि सगळ्यांना मागे सारलं. ‘भाऊ, बीड हाय हे. वाकत नाही, पडलं त फुटते.’ चाकं खाली ठेवल्यावर त्याने लहान हातोडीने चाकाच्या प्रत्येक दांडीवर, कडेवर, तुंब्यावर टिचकी मारली आणि कान लावला. धड बीड घणघणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मग रॉकेल. चाक रॉकेलने पुसून कोरडं करायचं, वरून खडूची भुकटी लावायची आणि थांबायचं. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटवतं. वरच्या चाकाला काही नव्हतं. खालच्या चाकाच्या तुंब्यापाशी बोटभर रेघ उमटली.

ही रेघ सोडून देता येत नाही. ३६ इंची चाकाचा परीघ साडेनऊ फुटांच्या आसपास. मिनिटाला ६०० फेरे धरले तर पट्टी मिनिटाला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर धावते. त्या वेगात चाक फुटलं तर भिंतही थांबवत नाही. म्हणून ते निखाऱ्यावर सगळीकडून सारखं तापवून, निकेलच्या कांडीने सांधून, राखेत पुरून दोन दिवस निवू दिलं. घाईने थंड केलं तर सांध्याच्या शेजारी नवा तडा जातो.

दोन चाकं दिसायला जोडीची, पण वजनाला वेगळी असतात, हे मला तेव्हा कळलं. खालचं चाक भारी. त्यालाच शक्ती मिळते, ओंडक्यात गाठ आली की तेच आपल्या वजनाच्या जोरावर पट्टी रेटत नेतं. वरचं हलकं ठेवतात, कारण कापताना पट्टी मंदावली आणि वरचं चाक भारी असेल तर ते आपल्या वेगाने फिरत राहतं आणि पट्टी ढिली पडून उतरते. वरच्या चाकाला मागून एक तरफ आणि तिच्या टोकाला बीडाचं वजन. पट्टी तापून लांबली की वजन खाली जातं आणि ताण तेवढाच राहतो. मामांच्या आऱ्याचं मूळ वजन हरवलेलं. त्याच्या जागी आजोबांच्या काळापासून जिनातल्या कुठल्यातरी यंत्राचा एक गट्टू लटकत होता. तो आम्ही बदलला नाही.

वय काढायचं काम इथेच सुरू झालं. बोल्ट उघडले तर आटे इंची. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे, म्हणजे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवलेलं माप. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. अर्थात नुसत्या आट्यांवरून साल ठरत नाही. वर्कशॉपवाले जुनी डाय झिजेपर्यंत वापरतात आणि व्हिटवर्थचे बोल्ट त्यानंतरही अनेक वर्षं पडत राहिले. दुसरा पुरावा बेअरिंगचा. स्वीडनच्या एसकेएफने आपोआप जुळवून घेणारं बॉल बेअरिंग १९०७ मध्ये काढलं, पण आमच्या आऱ्यात ते फक्त वरच्या चाकाला, आणि तेही नंतर बसवलेलं. खालचा शाफ्ट अजून व्हाइट मेटलवर. तिसरा पुरावा पुलीचा. शाफ्टवर शेजारी शेजारी दोन सपाट पुल्या, एक शाफ्टला घट्ट, एक मोकळी फिरणारी, आणि पट्टा एकीवरून दुसरीवर ढकलायचा लाकडी दांडा. इंजिन चालू ठेवून आरा थांबवायची ही युक्ती. विजेच्या मोटारीला तिची गरज नसते. म्हणजे यंत्र घडलं तेव्हा बटण दाबून बंद करणं घडवणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं. मोटारीची खाचेची पुली नंतर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला चढवलेली दिसते.

रंग हा चौथा साक्षीदार, पण फारसा भरवशाचा नाही. वरून हिरवा, खाली रेड ऑक्साइड, त्याखाली राखी, आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली आणखी एक हिरवा.

सगळ्यात जास्त वेळ व्हाइट मेटलने घेतला आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त आनंदही. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये काढलेला हा मिश्रधातू: कथील मुख्य, बरोबर थोडं अँटिमनी आणि तांबं. शाफ्टपेक्षा मऊ, म्हणून झिजायचा तो झिजतो आणि शाफ्ट वाचतो. जुना धातू तापवून काढला. शाफ्टवर रॉकेलच्या चिमणीची काजळी धरली, म्हणजे नवा धातू त्याला चिकटत नाही. शाफ्ट मधोमध बसवून, बाजूच्या फटी मातीने लिंपून, बेअरिंगचा सांगाडा कोमट केला. धातू वितळला तरी लगेच ओतायचा नसतो. मिस्त्रीने लाकडाची एक काडी कढईत बुडवली. पहिल्यांदा ती नुसती ओली झाल्यासारखी बाहेर आली, मग तपकिरी. तिसऱ्यांदा काळी पडली पण पेटली नाही, आणि त्याने लगेच ओतलं, एका धारेत, मध्ये न थांबता. थांबलं की थर पडतात आणि थर सुटतात. थंड झाल्यावर शाफ्टला निळा रंग चोपडून फिरवायचा, जिथे निळं लागलं तिथे तासणीने खरवडायचं, पुन्हा फिरवायचं. हे काम तोंडाने सांगता येत नाही. मिस्त्रीच्या शेजारी मामा बसले होते, आणि तास-दीड तासाने तासणी मामांच्या हातात गेलेली आम्ही पाहिली.

अमरावती-अकोल्यात आता हे ओतकाम करणारी माणसं थोडी. जिनांत बॉल बेअरिंग आली, मोटारी प्रत्येक यंत्राला वेगळ्या झाल्या, छताखालचे शाफ्ट निघाले. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद रुळांच्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे इंजिनं जपून ठेवली आहेत. आऱ्याला अशी जागा मिळालेली मी कुठे पाहिली नाही. त्याचं एक कारण बहुधा असं, की आऱ्याचं नाव घेतलं की लोकांना झाड तोडणं आठवतं. हे पूर्ण खोटं नाही. पण त्याच आऱ्याने भुशाचा हिस्सा कमी करून कितीतरी सागवान वाचवलंही, आणि ते आठवणारं कुणी नाही.

शेवटी पट्टी. न्यूबेरीची अडचण आमच्यासमोर जशीच्या तशी उभी राहिली. दोन टोकं तिरपी घासून एकमेकांवर चढवायची, टाकणखार लावायचा, मध्ये पितळेचं पान ठेवायचं आणि लाल तापवलेल्या चिमट्यात दाबायचं. मग सांधा हळूहळू निवू द्यायचा, नाहीतर कडक होऊन तुटतो. त्यानंतर कानशीने सांध्याची जाडी बाकीच्या पट्टीइतकी करायची. दातांना एक डावीकडे, एक उजवीकडे असं फाकवायचं, म्हणजे चीर पट्टीपेक्षा किंचित रुंद होते आणि पट्टी अडकत नाही. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्याने धार लवकर बोथट होते; मामांच्या गिरणीत एक पट्टी चालू असली की दुसरी कायम धारेला लावलेली असायची.

आरा फिरला. आधी पट्टीशिवाय, मोटारीवर, रिकामा. बेअरिंगवर हात ठेवला तर नुसतं कोमट. पट्टी तयार आहे, पण चढवलेली नाही. ओंडके चिरणारा आरा चालवायचा तर वन खात्याचा परवाना लागतो आणि या आऱ्याचा परवाना दुसऱ्याच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत आहे. तेव्हा तो सुतारकाम शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेला देता येईल का, आणि द्यायचा तर कोणत्या परवानगीने, हे विचारणारा अर्ज मामेभावाने लिहायला घेतला. त्यात यंत्राचं वर्णन लिहिण्यावरून घरात बराच वाद झाला. मामांचं म्हणणं, विलायती लिहा, वजन पडतं. मिस्त्रीचं म्हणणं, ओतकाम पाहून सांगतो, देशीच आहे. अखेर असं लिहिलं: उभा पट्टीचा आरा, चाक ३६ इंच, बनावट देशी, साल अंदाजे १९४५ ते १९६०, निर्माता अज्ञात. मामांनी सही करण्याआधी ‘अज्ञात’च्या पुढे पेनाने आजोबांचं नाव घातलं. मामेभावाने ते खोडून अर्ज पुन्हा टाइप केला.